क्रीडागुरू स्टॅग

विद्यादान केवळ वर्गाच्या चार भिंतींतच होते असे नाही. क्रीडांगणाची मोकळी भूमीही एक विद्यालयच आहे. या विद्यालयात आयुष्याची साठांहून अधिक वर्षे ज्यांनी गुरू म्हणून वेचली, त्या ॲमॉस अलोन्झो स्टॅग यांचे चरित्र मोठे बोधप्रद आहे.

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, वेस्ट ऑरेंज या गावी झाला. वडील जोडे शिवून संसार चालवीत. घरी दारिद्र्य असले तरी मुलाची विद्येची ओढ दांडगी होती. पडेल ते काम करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला आणि येल या नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळवला. पुढे धर्मोपदेशक व्हावे, अशी त्यांची मनीषा होती.

येल येथे बेसबॉलच्या खेळात चेंडू फेकण्याच्या कौशल्यामुळे त्यांचे नाव गाजू लागले. धंदेवाईक संघांनी त्यांना मोठ्या रकमा देऊ केल्या. गरिबाच्या मुलाला हा मोह लहान नव्हता. परंतु खेळ हा पैशासाठी खेळायचा नाही, हा त्यांचा निश्चय ढळला नाही. १८८९ साली अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट अशा अकरा महाविद्यालयीन फुटबॉलपटूंची पहिली निवड झाली, तीत त्यांची गणना झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपल्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात, त्याहून अमेरिकन फुटबॉल अगदी निराळा आहे. त्यातील चेंडू लांबट असून तो हाती घेऊन धावता येतो, आणि प्रतिपक्षाचे खेळाडू धावणाऱ्यास पकडून खाली पाडतात.

आपल्या वाणीत श्रोत्यांचे मन जिंकण्याचे सामर्थ्य नाही, हे स्टॅग यांना लवकरच उमगले. तेव्हा व्यासपीठावरून जे साधणार नाही ते क्रीडांगणावरून साधावे, असे त्यांनी ठरवले. ते स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले आणि तेथे फुटबॉल शिकवू लागले. त्यांच्या संघात जेम्स नेस्मिथ नावाचे एक शिक्षकही होते. हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा खेळ हवा, म्हणून नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये पीच या फळांच्या दोन टोपल्या उंचावर टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. हाच बास्केटबॉलचा जन्म होय!

११ मार्च १८९२ रोजी या खेळाचा पहिला जाहीर सामना शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात झाला. शिष्यांनी गुरूंना ५-१ असे हरवले. शिक्षकांचा तो एकमेव गोल स्टॅग यांनी केला; मात्र फुटबॉलची सवय अंगवळणी पडल्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना ढकलून ते वारंवार नियमभंगही करीत होते.

त्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, नव्याने स्थापन झालेल्या शिकागो विद्यापीठाने त्यांना पाचारण केले. विशेष असे की, त्यांना प्राध्यापकवर्गात स्थान देण्यात आले. शारीरिक शिक्षणाचा हा एक सन्मानच होता. प्रारंभी खेळाडू अपुरे पडत, तेव्हा स्टॅग स्वतः मैदानात उतरत. जानेवारी १८९६ मध्ये त्यांच्या बास्केटबॉल संघाने आयोवा येथे १५-१२ असा विजय मिळवला. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू असलेला हा पहिला महाविद्यालयीन सामना मानला जातो.

फुटबॉलमध्ये त्यांची कीर्ती १९०५ साली शिखरास पोहोचली. सलग ५६ सामने अपराजित राहिलेल्या मिशिगनच्या बलाढ्य संघास त्यांच्या शिष्यांनी २-० असे नमवले. परंतु त्या काळी हा खेळ इतका धसमुसळा झाला होता की, कित्येक तरुण त्यात प्राणास मुकत. खेळ बंदच करावा, अशी मागणी होऊ लागली. तेव्हा चेंडू पुढे फेकण्यास मुभा देणारे नवे नियम १९०६ साली करण्यात आले. ते करणाऱ्या मंडळींत स्टॅग हेही होते.

शिकागो येथे ४१ हंगाम लोटले. १९३२ साली स्टॅग सत्तर वर्षांचे झाले आणि वयोमर्यादेच्या नियमानुसार त्यांना मार्गदर्शकपद सोडावे लागले. विद्यापीठाने त्यांना दुसरे काम देऊ केले होते. ते पत्करून स्वस्थ बसणे सहज शक्य होते. पण क्रीडांगणावाचून जगणे त्यांना मानवले नाही. ते दूर कॅलिफोर्नियात, स्टॉकटन येथील पॅसिफिक या लहानशा महाविद्यालयात गेले आणि पुन्हा श्रीगणेशा केला. १९३८ साली याच लहान महाविद्यालयाचा संघ घेऊन ते शिकागोस आले. ज्या मैदानाला त्यांचेच नाव दिलेले होते, त्या मैदानावर त्यांच्या नव्या शिष्यांनी शिकागोचा ३२-० असा पराभव केला. १९४३ साली, ८१ व्या वर्षी, देशातील मार्गदर्शकांनी त्यांना त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मार्गदर्शक म्हणून गौरवले. नव्वदी ओलांडल्यावरही ते तरुणांना चेंडू लाथाडण्याचे तंत्र शिकवीत असत. १७ मार्च १९६५ रोजी, १०२ वर्षांचे कृतार्थ आयुष्य जगून ते स्टॉकटन येथे निवर्तले.

स्टॅग यांच्या संघांनी तीनशेहून अधिक सामने जिंकले. ती संख्या पुढे इतरांनी ओलांडली. परंतु धनाचा मोह झाला तेव्हा त्याकडे पाठ फिरवणे, आणि एक दार बंद झाले तेव्हा हताश न होता दुसरे ठोठावणे, हे त्यांचे दोन विजय कोणत्याही गुणफलकावर मावणारे नाहीत.

स्वाध्याय

१. स्टॅग यांनी धंदेवाईक संघांना नकार का दिला?
२. धर्मोपदेशक होण्याचा विचार त्यांनी का सोडला?
३. अमेरिकन फुटबॉल आणि आपल्याकडील फुटबॉल यांतील फरक सांगा.
४. १९३८ सालचा सामना स्टॅग यांच्या दृष्टीने विशेष का म्हणावा? त्या वेळी त्यांच्या मनात कोणते विचार आले असतील, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. वाक्यात उपयोग करा : अंगवळणी पडणे, श्रीगणेशा करणे, पाठ फिरवणे.