ध्रुवावरचे प्राणी शिकवताना : आधी ‘कुठे’, मग ‘का’



ध्रुवीय प्रदेशाचा पाठ आला की आपण फळ्यावर एक चित्र काढतो. बर्फ, बर्फावर पांढरं अस्वल आणि शेजारी पेंग्विन. मुलं ते आनंदाने वहीत उतरवतात आणि चूक तिथेच पक्की होते. पांढरं अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, तर अंटार्क्टिकाचे पेंग्विन दक्षिण टोकाचे. निसर्गात त्यांची गाठ कधी पडतच नाही.

म्हणून सुरुवात पृथ्वीच्या गोलापासून करा. आधी गोल वरून पाहायला द्या. मधोमध आर्क्टिक महासागर, भोवती जमीन. मग खालून दाखवा. मधोमध अंटार्क्टिका खंड, भोवती समुद्र. उत्तरेचं अस्वल गोठलेल्या समुद्रावर उभं राहून, श्वास घ्यायला वर येणाऱ्या सीलची वाट पाहतं. दक्षिणेत अस्वलासारखा जमिनीवरचा शिकारी नाही. म्हणूनच न उडणारा एम्परर पेंग्विन भर हिवाळ्यात उघड्या बर्फावर अंडं उबवू शकतो. नर ते पायांवर घेऊन दोन महिने काही न खाता उभा असतो!

आमच्या कळंबच्या मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो गोळ्याच्या गाडीवर आणि मासळीच्या टोपलीत. पेंग्विन मात्र काहींनी खरा पाहिलेला असतो. नेरळहून लोकल पकडली की भायखळा, आणि तिथे राणीची बाग. ही मुलं ठामपणे सांगतात, “ते पेंग्विन अंटार्क्टिकाचे!” त्यांना गप्प करू नका, नकाशा द्या. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेले ते हम्बोल्ट जातीचे पेंग्विन. त्यांचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. तिथे बर्फ नाही, पण किनाऱ्यालगत थंड सागरी प्रवाह वाहतो आणि त्यात मासे भरपूर. म्हणजे पेंग्विन दिसला की बर्फ असणारच, असं नाही.

आता थंडी सोसण्याचं गुपित हाताला कळू द्या.

कृती : प्लास्टिकच्या पिशवीत थोडं वनस्पती तूप भरा. आत दुसरी पिशवी घाला आणि तूप मधल्या जागेत सगळीकडे पसरवा. दुसऱ्या हातासाठी तूप न घालता अशीच दुहेरी पिशवी घ्या. मुलाने दोन्ही हात पिशव्यांत घालून बर्फाच्या पाण्यात बुडवावेत. तुपाचा हात उशिरा गारठतो. सील आणि अस्वलाच्या कातडीखालचा चरबीचा थर हेच काम करतो. हात झोंबू लागला की लगेच बाहेर काढायला सांगा.

“सर, तिकडे आपलं कोण जातं?” असं एखादा विचारेलच. सांगा, भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये आपल्या शेजारच्या गोव्याहून निघाली. आज तिथे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली संशोधन केंद्रं आहेत.

शेवटी प्राण्यांची नावं पाठ करून घेऊ नका. एकच प्रश्न विचारा : उत्तरेकडचा समुद्रावरचा बर्फ कमी झाला, तर अस्वलाचं काय होईल? “त्याला गरम होईल” हे उत्तर हमखास येतं. पण “उभं राहायला जागा नाही, मग सील कसा पकडणार?” असं एखादं मूल म्हणालं, की समजा पाठ पोचला.

पालकहो, हाच प्रश्न आज जेवताना घरी विचारून पहा.