'एन मायनस वन' आणि आमच्या वाडीतले खांब

थर्ड इयरला पॉवर सिस्टिमच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी मला विचारलं, "एन मायनस वन म्हणजे काय?" उत्तर पाठ होतं. "सर, यंत्रणेतला कोणताही एक घटक, म्हणजे एक लाइन, एक ट्रान्सफॉर्मर किंवा एक जनरेटर अचानक बंद पडला, तरी बाकीच्या यंत्रणेने सगळा भार पेलला पाहिजे." सर खूश झाले. मग सहज म्हणाले, "गाव कुठलं?" म्हटलं, "श्रीवर्धन तालुका."

"अरे वा! मग निसर्ग वादळात किती दिवस वीज नव्हती?"

"आमच्या वाडीत चोवीस दिवस, सर."

"मग तुझ्या एन मायनस वनचं काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं जरा उशिरा लिहिलेलं उत्तर.

वादळात नेमकं काय गेलं?

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. काही तासांत आमच्याकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि झाडं पडताना तारा आणि खांब सोबत घेऊन पडली. दुसऱ्या दिवशी मी मोजलं होतं: मुख्य रस्त्यापासून वाडीपर्यंत एकवीस खांब, त्यातले उभे सहा.

अंधाराची सवय दोन दिवसांत होते. खरा त्रास दुसरीकडून आला. नळपाणी योजनेचा पंप बंद, म्हणून पाणी विहिरीवरून. मोबाइलचा टॉवर आधी बॅटरीवर चालला, मग जनरेटरवर. डिझेल संपलं आणि रस्ता झाडांनी अडलेला, म्हणून तोही गेला. मुंबईच्या काकांना चार दिवस आमची काहीच खबर नव्हती. शेजारच्या तात्यांचं इन्सुलिन आजीने ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात सांभाळलं. वायरमनदादा रात्रंदिवस राबत होते, पण कुठली तार कुठे तुटली हे त्यांना कळवायला फोन हवा होता, आणि फोनला वीज हवी होती. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

फ्रिक्वेन्सी: तराजूचा काटा

आमच्याकडे तारा पडल्या. पण तारा जागेवर असतानाही ग्रिड धोक्यात येऊ शकते. ते समजायला आधी थोडी थिअरी.

ग्रिडमध्ये प्रत्येक क्षणी जेवढी मागणी तेवढीच निर्मिती लागते. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली, तर फिरणाऱ्या जनरेटरची गती मंदावते आणि फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्‌झच्या खाली येते. उलट झालं तर वर जाते. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटं दिवे बंद केले होते, ते आठवत असेल. तेव्हा काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॉट मागणी उतरली आणि नंतर परत चढली. जलविद्युत केंद्रांचा खास वापर करून ग्रिड सांभाळली गेली. ते जमलं, कारण वेळ आधीच ठाऊक होती. हवामान इतकी नेमकी वेळ देत नाही.

टेक्सासची ती चार मिनिटं

निसर्गनंतर आठ महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात कडाक्याची थंडी पडली. घरं गरम ठेवण्यासाठी विजेची मागणी ६९,००० मेगावॉटच्या वर गेली. हिवाळ्यातला तोपर्यंतचा तो उच्चांक होता. आणि नेमक्या त्याच वेळी एकेक वीजनिर्मिती संच बंद पडायला लागले.

तिथे फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्‌झ असते. १५ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर, दोनच्या सुमारास, ती ५९.३०२ पर्यंत घसरली. ५९.४ च्या खाली सलग नऊ मिनिटं राहिली असती, तर उरलेले संचही स्वतःला वाचवायला ट्रिप होऊ लागले असते आणि जवळजवळ अख्खी ग्रिड झोपली असती. ती ५९.४ च्या खाली ४ मिनिटं २३ सेकंद राहिली. ऑपरेटरनी लोडशेडिंग करून तिला वर आणलं. पुढे हे लोडशेडिंग २०,००० मेगावॉटपर्यंत गेलं.

ग्रिड वाचली, पण माणसं? ४५ लाखांहून जास्त घरांची वीज गेली. एरवी लोडशेडिंग आळीपाळीने करतात. इथे कपात एवढी मोठी होती की हॉस्पिटलसारखे महत्त्वाचे फीडर सोडले, तर आळीपाळीला फारसं काही उरलंच नाही. त्यामुळे तीच घरं दिवसेंदिवस अंधारात आणि थंडीत राहिली. त्या राज्याच्या आरोग्य खात्याच्या अंतिम मोजणीप्रमाणे २४६ माणसं दगावली. त्यात थंडीने गेलेले सगळ्यात जास्त होते. ऊब मिळावी म्हणून केलेल्या उपायांतून विषारी वायूने गेलेलेही होते.

एन मायनस वन कुठे फसतो?

चौकशीत बाहेर आलेली कारणं आपल्यासाठी धडाच आहेत. कुठे व्हॉल्व्ह गोठले, कुठे पवनचक्कीच्या पात्यांवर बर्फ साचला. एका अणुवीज केंद्रात तर पाण्याचा दाब मोजणारी बारीक नळी गोठली आणि अख्खा संच ट्रिप झाला. गॅसच्या विहिरी गोठल्याने गॅसवरच्या केंद्रांना इंधनही कमी पडलं. टेक्सासची ग्रिड शेजारच्या ग्रिडपासून जवळजवळ वेगळी आहे. त्यामुळे बाहेरून मदत यायची वाट होती फक्त सुमारे १,२०० मेगावॉटची.

आता एक साधं गणित करू. समजा दोन संच आहेत आणि प्रत्येक संच शंभर दिवसांतून एक दिवस बंद असतो. दोघांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन्ही एकाच दिवशी बंद असण्याची शक्यता दहा हजारात एक, म्हणजे साधारण २७ वर्षांतून एक दिवस. आपण निर्धास्त! पण दोघांच्या बंद पडण्याचं कारण एकच असेल, तर तीच शक्यता शंभरात एक होते, म्हणजे वर्षातून तीन-चार दिवस.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. एन मायनस वन एका वेळी एक घटक जाईल असं धरून चालतो. बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतात, तेव्हा ते बरोबरच आहे. पण वादळ किंवा थंडी एकेक घटक निवडत नाही. आमच्याकडे ते 'एन मायनस पंधरा' होतं.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. टेक्सासमध्ये लोडशेडिंग करताना गॅस पुरवणाऱ्या काही यंत्रणांचीही वीज कापली गेली, कारण महत्त्वाच्या ग्राहकांच्या यादीत त्यांची नोंदच नव्हती. विजेला गॅस हवा आणि गॅसला वीज हवी! आमचा टॉवर आणि वायरमनदादा आठवले का? गाठ तीच, आकार वेगळा.

सरासरी काय लपवते?

विश्वासार्हता मोजायला 'सायडी' नावाचा निर्देशांक आहे: वर्षभरात एका ग्राहकाची वीज सरासरी किती मिनिटं गेली. समजा एका विभागात एक लाख ग्राहक आहेत आणि फक्त आमच्या वाडीतली चाळीस घरं चोवीस दिवस अंधारात आहेत. प्रत्येक घराची ३४,५६० मिनिटं. चाळीसने गुणा, लाखाने भागा. उत्तर येतं जेमतेम चौदा मिनिटं! शिवाय आयट्रिपलईच्या मानकात मोठ्या वादळाचे दिवस रोजच्या हिशेबातून वेगळे काढायची पद्धत आहे. रोजचं कामकाज तपासायला ती योग्यच आहे, पण फक्त तोच आकडा पाहणाऱ्याला ज्या दिवशी विजेची गरज सर्वांत जास्त होती तो दिवस दिसतच नाही.

मग करायचं काय?

"सगळ्या तारा जमिनीखाली घाला" हे सोपं उत्तर. वाऱ्यापासून बचाव होतो हे खरं, पण खर्च कितीतरी पट, आणि केबलचा जॉइंट गेला तर बिघाडाची जागा शोधण्यातच वेळ जातो. म्हणून निवड करावी लागते. पंप, टॉवर, दवाखाना यांच्यापर्यंतची लाइन आधी मजबूत करायची, तिथे सोलर आणि बॅटरी ठेवायची, पावसाळ्याआधी फांद्या छाटायच्या, खांब-तारांचा साठा तालुक्यातच ठेवायचा. लाइन पडणारच नाही असं डिझाइन परवडत नाही, पण पडली तर किती दिवसांत उभी राहील, हे मात्र डिझाइन करता येतं.

आणि हे होऊ शकतं. टेक्सासला २०११ च्या थंडीनंतरच यंत्रं थंडीत टिकतील अशी करा असं सुचवलं होतं. पण ते बंधनकारक नव्हतं. २०२१ नंतर कायदा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा मोठी थंडी आली, तेव्हा तिथल्या ग्रिडला लोडशेडिंग करावं लागलं नाही.

या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा वायरमनदादांबरोबर फिरून वाडीच्या लाइनचा नकाशा काढला. खांब नवे आहेत, पण पंप आणि टॉवर अजूनही एकाच डीपीवर, आणि त्या डीपीला येणारी लाइनही एकच. एन मायनस वन शोधायला गेलो, तर इथे 'वन'च निघाला! नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत दिली, एक आमच्या प्रोजेक्ट गाइड सरांना. टॉवर आणि पंपासाठी सोलर बॅकअप किती लागेल, हाच आता माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे.

मित्रांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढंच बघून या: तुमच्या गावचा पंप, टॉवर आणि दवाखाना कुठल्या डीपीवर आहेत? दोन तासांचं काम आहे, आणि त्याला लॅब लागत नाही.