गीता ६.१० ते ६.१३ : हरिश्चंद्रगड, सॅक आणि ‘एकाकी’ हा शब्द



सहावा अध्याय चालू आहे. आज चार श्लोक एकदम घेतोय, कारण चारही एकाच प्रश्नाभोवती फिरतात : ध्यानाला बसायचं कुठे आणि कसं? भगवंतांनी इथे थोडक्यात आटोपलंय. एकांत असावा, साधक एकाकी असावा, जवळ संग्रह नसावा, जागा शुद्ध असावी, आसन स्थिर असावं. माउलींना मात्र एवढ्यावर राहवत नाही. ज्ञानेश्वरीत ते त्या जागेचं असं वर्णन करतात की वाचता वाचता आपण सॅक भरायला घेतो. तिथे एकदा बसलं की उठावंसं वाटत नाही. देव न मानणाराही तिथे पोचला तर त्याला तप करावंसं वाटेल, राजाला राज्य नको होईल. ऊन सौम्य, वारा मंद, पाणी जवळ. शांतता अशी की पोपट आणि भुंगेही नाहीत. आणि मग माउलींचा तो गोड स्वभाव : कधीतरी एखादा कोकिळ आला, मोर येऊन गेला, तर आमची ना नाही! कुठेतरी लपलेला मठ किंवा शंकराचं देऊळ असावं, असंही ते सांगतात.

मला हे वाचताना दरवेळी हरिश्चंद्रगड आठवतो. अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, साधारण १४०० मीटर उंचीवर. वर हरिश्चंद्रेश्वराचं दगडी मंदिर, शेजारी पुष्करणी, कातळात खोदलेल्या गुहा. थोडं खाली केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उभं शिवलिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. चांगदेवांच्या नावावर असलेला ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ शके १२३४ मध्ये इथेच लिहिला गेला असं मानतात. म्हणजे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली त्यानंतर फक्त २२ वर्षांनी! शिवालय, पाणी, गुहा... माउलींची सगळी रिक्वायरमेंट इथे पूर्ण होते.

आता ‘एकाकी’. हा शब्द धोकादायक आहे, हे मी मुद्दाम लिहितोय. आमच्या टीममधल्या एका पोराने दहावा श्लोक वाचला आणि ठरवलं, येत्या श्रावणात नळीच्या वाटेने गड एकट्याने करायचा. वडील गेल्यापासून त्याला शांतता हवीय आणि ती घरात मिळत नाही. “दादा, गीतेतच आहे ना, एकट्याने राहा म्हणून?”

नळीची वाट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कोकणातल्या बेलपाड्यातून कोकणकड्याच्या बाजूने वर चढणारी ही घळ आहे. मोठमोठे दगड, मध्ये कातळटप्पे, तिथे दोर लागतो. पावसाळ्यात वरचं पाणी याच घळीतून खाली येतं आणि दगडही घेऊन येतं. तिथे पाय मुरगळला तर हाक ऐकायला कोणी नसतं.

त्याला मी ज्ञानेश्वरी उघडून दाखवली. त्याच वर्णनात माउली म्हणतात, ती जागा साधकांनी वसलेली असावी, फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी मळलेली नसावी. म्हणजे माणसं आहेत, पण त्याच वाटेवरची. एकाकी म्हणजे मनात गर्दी नसणं, असा अर्थ मी घेतो. दोर सोडून देणं, असा अर्थ कुठल्या टीकेत मला तरी सापडला नाही. दुःखात माणसाला कडा जवळचा वाटू शकतो, हेही त्याला स्पष्ट बोललो. थोडा वेळ गप्प बसला, मग रडला. आता दिवाळीनंतर पाचनईच्या वाटेने आम्ही चौघं जाणार आहोत. दोन-अडीच तासांची चढण आहे, आणि वर त्याला हवा तितका वेळ गुहेत एकटं बसू द्यायचं, असं ठरलंय.

दुसऱ्या टोकाचं काय? शनिवारी रात्री कड्याजवळ स्पीकर लावून नाचणारे. ज्यांना पोपटाचा आवाजही जास्त वाटला, त्यांच्या शब्दांवर प्रेम करणाऱ्यांनी तरी हे करू नये. स्पीकर घरी ठेवा, कचरा खाली आणा, पिठलं-भाकरी पाचनईच्या गावकऱ्यांकडे खा आणि पैशांची घासाघीस करू नका.

अपरिग्रहाबद्दल सॅक जितकी शिकवते तितकं कुठलंही प्रवचन शिकवत नाही, असं माझं मत. प्रत्येक ‘असू दे, लागेल’ खांद्याला कळतो. पण पाणी, टॉर्च, औषधं आणि गरम कपडा हा संग्रह नाही हं. शरीर हे साधन आहे, त्याची सोय लागतेच. पुढे १६ आणि १७ व्या श्लोकात खाण्याझोपण्याचा मेळ येणारच आहे. शुक्रवारी ऑफिस संपवून रात्रभर गाडी चालवायची आणि पहाटे न झोपता चढायला लागायचं, हे त्यात बसत नाही.

आणि आसन! आधी दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. कॅम्पिंग केलेल्याला हे लगेच कळेल. खाली मॅट, वर स्लीपिंग बॅग, त्यावर चादर. जमिनीची थंडी आणि ओल अंगात येऊ नये म्हणून मध्ये थर हवेत. फार उंच केलं तर अंग डोलेल, फार खाली केलं तर जमिनीचा दोष बाधेल, असं माउली सांगतात. मृगाजिन अर्थातच आज नको, अभयारण्यात तर नकोच नको :) घरी बसणाऱ्यांनी लोकरीची घोंगडी घ्यावी, चालते.

मान, पाठ, डोकं सरळ कसं ठेवायचं आणि नजर कुठे, हे तेराव्या श्लोकात सुरू होतं, पण त्याला वेगळा वेळ द्यायला हवा. उद्या तिथूनच ६.१४ कडे जाऊ.

राम कृष्ण हरि.