झाकून ठेवलेला भात

खानावळचालिका : ओटा दिवसातून चार वेळा पुसला जातो, भांडी लखलखीत असतात, तरीही तपासणीस आलेले अधिकारी भाताच्या पातेल्यात तापमापक का घालतात?

अन्नतज्ज्ञ : डाग नसणे म्हणजे स्वच्छता, ही समजूत घरगुती आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 खाली 2011 साली झालेल्या परवाना व नोंदणीविषयक विनियमांच्या चौथ्या अनुसूचीत पिण्यायोग्य पाणी, सांडपाण्याचा निचरा, कामगारांची नखे आणि त्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी यांच्याबरोबर तापमानही येते, कारण वाढायचे गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न 5 अंशांच्या खाली राहिले, तरच जंतूंची वाढ रोखली जाते.

खानावळचालिका : पण भात शिजतानाच जंतू मरत असतील ना?

अन्नतज्ज्ञ : जंतू मरतात, बीजाणू मरत नाहीत. बीजाणू म्हणजे प्रतिकूल काळ काढण्यासाठी जंतूने धारण केलेले कवचबंद रूप. तांदळात आढळणाऱ्या बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू शिजवण्यातून तगतात आणि भात खोल पातेल्यात सावकाश निवू लागला, की पुन्हा रुजून वाढू लागतात.

खानावळचालिका : मग सकाळी त्याच भाताला खमंग फोडणी दिली तर?

अन्नतज्ज्ञ : फोडणीच्या भाताचे दुखणे नेमके येथेच आहे. या जंतूचे काही प्रकार भातात जे विष सोडतात, ते पुन्हा तापवल्याने नष्ट होत नाही, आणि खाणाऱ्याला काही तासांतच ओकाऱ्या सुरू होऊ शकतात. अशा भाताला वास येतोच असे नाही, त्यामुळे हुंगून पाहण्याची जुनी कसोटी निरुपयोगी ठरते. उरलेला भात परातीत पातळ पसरून लवकर निववावा व फ्रिजमध्ये ठेवावा. नीटनेटका दिसणारा, ओट्यावर रात्रभर झाकून ठेवलेला टोपच अधिक धोक्याचा.

खानावळचालिका : म्हणजे सोवळ्यात रांधलेला भातही सुटत नाही?

अन्नतज्ज्ञ : नाही. सोवळे विचारते, स्पर्श कोणाचा झाला. अनुसूचीला हात धुतलेले हवेत, मग ते कोणाचेही असोत, आणि अन्न किती वेळ कोणत्या तापमानाला राहिले हे कळायला हवे.

खानावळचालिका : आणि चार वेळा फिरणारे ते फडके?

अन्नतज्ज्ञ : कच्चे मांस चिरलेली फळी पुसून तेच ओले फडके ताटांवर फिरत असेल, तर ते पुसत नाही, पसरवते. प्रत्येक कामाला वेगळे फडके ठेवावे आणि ते उकळत्या पाण्यातून काढून उन्हात कडकडीत वाळवावे.