गवत कापायचा दर कसा ठरवावा?



जळकोटजवळच्या पारधी वस्तीवरील दोन भावांनी गवत कापायचे पेट्रोलवरचे यंत्र घेतले. पावसाळा सरताना एका शाळेचे मैदान दिवसभर कापून त्यांनी ६०० रुपये आणले. दोघे खुशीत होते. मी वही काढायला लावली.

पेट्रोल २१०, त्यात मिसळायचे ऑइल ४०, नायलॉनची दोरी ५०, जाण्यायेण्याचे ६०. उरले २४०, म्हणजे माणशी १२०. त्याच दिवशी खुरपणीला गेलेल्या त्यांच्या आईला ३०० मिळाले होते!

शिवाय यंत्र झिजते, ते कोणी धरतच नाही. १२,००० चे यंत्र २०० दिवस चालेल असे धरले, तर रोज ६० रुपये बाजूला पडायला हवेत. मजुरी माणशी ४००. बेरीज १,२२०. पावसाचे खाडे आणि दुरुस्ती धरून आम्ही १,४०० लिहिले. बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजावा, हा लूक १४:२८ चा धडा मी यंत्र घेतानाच द्यायला हवा होता.

हिशेब सोपा, दर तोंडाने सांगणे अवघड. "जास्त मागितले तर हाकलतील," धाकटा म्हणाला. ही भीती उगाच नाही. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, नजरा राहिल्या.

पुढच्या कामाला आधी जागा पाहिली: गवताची उंची, दगड, उतार. मालक म्हणाले, "फार होतात." थोरल्याने वही उघडून पुढे ठेवली. १,३०० ला ठरले. १,२२० च्या खाली यायचे नाही, हे आम्ही घरूनच ठरवून निघालो होतो.