अंबादास यांची चित्रकला आणि प्रादेशिकतेचा प्रश्न

वऱ्हाडातील साहित्याच्या विचारात 'प्रादेशिकता' ही संज्ञा बहुधा गृहीत धरली जाते. उद्धव शेळके यांच्या 'धग' (1960) या कादंबरीत प्रदेश बोलीतून प्रत्ययास येतो. भातकुलीच्या वा दर्यापूरच्या विद्यार्थ्याला त्या भाषेचा वेगळा परिचय करून द्यावा लागत नाही. परंतु याच वऱ्हाडात, अकोला येथे 1922 साली जन्मलेल्या अंबादास खोब्रागडे यांच्या चित्रांपुढे ही संज्ञा अडखळते. तेथे बोली नाही, माणूस नाही, शेतशिवारही नाही. मग प्रदेश शोधावयाचा कोठे, आणि मुळात तो शोधावयाचा का?

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 1952 पर्यंत अंबादास यांचे शिक्षण झाले. पुढे त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. कापडावरील नक्षीत एकच आकार ठरावीक अंतराने पुनःपुन्हा यावा लागतो. त्यांच्या तैलचित्रांत मात्र कोणताही फटकारा दुसऱ्यासारखा नाही, हा विरोध नोंदविण्याजोगा आहे.

ऑगस्ट 1962 मध्ये भावनगर येथे बारा चित्रकार-शिल्पकार एकत्र आले आणि जेथे जमले त्या घराच्या क्रमांकावरून त्यांनी 'ग्रुप 1890' हे नाव घेतले. जगदीश स्वामिनाथन, जेराम पटेल, हिंमत शाह, गुलाममोहम्मद शेख यांच्याबरोबर अंबादास त्यात होते. रविवर्म्याचा वास्तववाद, बंगाल शैलीचा भावुक आदर्शवाद आणि युरोपीय आधुनिकतेची उसनवारी, या तिन्ही गोष्टी त्यांच्या जाहीरनाम्याने नाकारल्या. ऑक्टोबर 1963 मध्ये दिल्लीत भरलेल्या प्रदर्शनाचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. सूचीची प्रस्तावना कवी ओक्ताव्हियो पाझ यांनी लिहिली. समूहाचे हे पहिले आणि अखेरचे प्रदर्शन ठरले. मराठीत 1955 च्या 'शब्द'पासून सुरू झालेल्या लघुनियतकालिकांचे स्मरण येथे होते. अल्पायुषी असणे हा त्या नियतकालिकांच्याही स्वभावाचा भाग होता. साठोत्तरी साहित्य शिकविताना हा समांतर प्रवाह क्वचितच उल्लेखिला जातो, ही उणीव लहान नव्हे.

अंबादास यांच्या चित्रात दाट रंगाचे रुंद फटकारे वळतात, एकमेकांत गुंततात, कोठे तुटतात. आकार आधी ठरवून त्यात रंग भरलेला नाही. रंगाचा चिकटपणा आणि हाताचा वेग यांतूनच आकार निपजतो. या पोतात उन्हाळ्यात भेगाळलेली वऱ्हाडची काळी माती पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण त्या मोहात चित्र पाहण्याचे श्रम टाळले जातात. चित्राला एकदा मातीचे नाव दिले की पुढे पाहण्यासारखे काही उरत नाही. 1972 नंतर ते नॉर्वेत स्थायिक झाले आणि 2012 साली तेथेच निवर्तले. म्हणून उत्तरकालीन चित्रांत हिमनद्या शोधणे हेही त्याच जातीचे वाचन होय.

याउलट एक बाब खरोखर प्रदेशाशी निगडित आहे, आणि ती चित्राच्या चौकटीबाहेरची आहे. चित्रकार म्हणून ते केवळ 'अंबादास' या नावाने ओळखले गेले. आडनाव कळताच गाव, जात आणि सोयरीक विचारण्याची रीत वऱ्हाडात किती रुजलेली आहे, हे येथील वाचकाला ठाऊक आहे. या एकेरी नावामागील हेतू काहीही असो, त्याचा अर्थ ऑस्लोतील रसिकापेक्षा अकोल्यातील वाचकाला अधिक लवकर उमगतो. मातीच्या रूपकापेक्षा अभ्यासकाने या नावापाशी थांबणे अधिक उचित ठरेल.