तुझ्या लेखाविषयी

चि. मुक्ता,


कॉलेजच्या वार्षिकासाठी तू माणुसकीवर लिहिलेला मजकूर वाचला. पुरानंतर तुम्ही वाटलेल्या ब्लँकेटांपासून सुरुवात केली आहेस. ब्लँकेटं राहू देत, पण सगळा लेख त्यांच्यावरच उभा करू नकोस.

शब्दाचं मूळ विचारलंस. इंग्रजी ‘ह्युमॅनिटी’ लॅटिन ‘ह्युमॅनिटास’वरून आला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस नावाच्या रोमन लेखकाने त्यावर कुरकुर करून ठेवली आहे: लोक या शब्दाचा अर्थ सर्वांविषयीचा सद्भाव असा करतात, जाणत्यांच्या लेखी मात्र तो विद्येचा संस्कार होता. मला गेलियस पटतो. कळवळा उपजत असेल, माणुसकी शिकावी लागते. इ. स. पूर्व ६२मध्ये सिसेरो या संस्काराची थोरवी गात होता, तीही कोर्टात, आर्कियास या अँटिओकच्या कवीचं रोमन नागरिकत्व वाचवण्यासाठी. (सिसेरोचा लेखनिक टायरो तेव्हा त्याच्याच घरचा गुलाम होता, हेही लिही.)

आपला ‘मनुष्य’ मनूपासूनचा. पण खरी गोष्ट महाडची आहे. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता, तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आणि हजारो लोक त्या तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी स्पष्टच सांगितलं, की झगडा पाण्यासाठी नाही, इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे ठरवण्यासाठी आहे. २५ तारखेला तिथेच मनुस्मृती जाळली गेली. मनूवरून माणूस म्हणवणाऱ्या समाजाला ते उत्तर होतं. तळ्याच्या हक्काबद्दल हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

महाडला दया कोणी मागत नव्हतं. तुझ्या मजकुरात मात्र ‘आम्ही माणुसकी दाखवली’ हे तीनदा आलंय आणि पूरग्रस्त एकदाही बोलत नाहीत. ते फक्त हात पुढे करतात. त्यांचं काय वाहून गेलं, पंचनाम्यात काय नोंदलं गेलं, ब्लँकेटाऐवजी त्यांना काय हवं होतं, हे तू विचारलेलं दिसत नाही. रविवारी त्यांच्या वस्तीत जा, बरोबर काही वाटायला नेऊ नकोस. बाई-बुवांना अहो-जाहो कर, फोटो काढू नकोस. मग दुसरा खर्डा पाठव. शुद्धलेखन मी पाहीन.

तुझा,
नानाकाका